शनिवारवाड्याचा शनिवार

पुण्याच्या शनिवारवाड्याचा पाया थोरल्या बाजीरावांनीं ता. १० जानेवारी १७३० रोजीं घातला व वास्तुशांति ता. २२ जानेवारी १७३२ रोजीं झाली, ह्या तारखा बहुतेक ग्रंथांतून आढळतात. दोन्ही दिवशीं शनिवार होता, असेंही सांगतात. परंतु चालू पद्धतीची जंत्री मागें नेऊन पाहिली असतां दोन्ही तारखांस मंगळवार येतो! मग वाराची कथा मागाहून रचलेली मानावी काय?

आमच्या मतें दोष वाराचा नसून जंत्रीचा आहे. पायाभरणीची मिति शके १६५१ माघ शुद्ध ३ अशी आहे. नव्या पद्धतीच्या १० जानेवारीस पौषाचा वद्यपक्ष चालू होता. माघ शुद्ध ३ पडते ती २१ जानेवारीस, आणि त्या दिवशीं शनिवारच येतो. इंग्रजांनीं नवी पद्धति १७५२ सालीं स्वीकारली. तत्पूर्वीच्या मित्यांस आपले संशोधक बहुधा जुन्या पद्धतीच्याच तारखा देत आले. दोहोंत त्या शतकांत अकरा दिवसांचें अंतर. वास्तुशांतीची तारीखही नव्या मानानें २ फेब्रुवारी १७३२ होते, तोही शनिवारच.

ह्याच वाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें ती तारीख, १७ नोव्हेंबर १८१७, मात्र नव्या पद्धतीची. एकाच वास्तूच्या टिपणांत दोन जंत्र्या अशा शेजारीं नांदतात, आणि कोणती कोठली हें क्वचितच कोणी लिहितो. ज्यांच्या दप्तरांत वाड्याविषयींचे कागद असतील त्यांनीं इंग्रजी तारीख घालतांना मूळ मिति गाळूं नये, एवढी विनंति आहे.