१९३८, १९७६ आणि तिची रजामंदी

संततिनियमनाचा विषय निघाला की आपल्या मोहल्ल्यात दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ही सरकारची चाल आहे, आणि मजहबमध्ये याला जागा नाही. दोन्हीमागे इतिहास आहे, पण तो अर्धाच सांगितला जातो.

१९२१ साली र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले. त्यापायी त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. कर्वे हरले, पण आंबेडकरांनी हा विषय सोडला नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई प्रांताच्या विधानसभेत त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी ठराव मांडला. सरकारने संततिनियमनाचा प्रचार करावा आणि साधने उपलब्ध करून द्यावीत, ही मागणी होती. आंबेडकर त्या दिवशी हजर नव्हते, म्हणून त्यांचे भाषण रोहम यांनी वाचून दाखवले. त्यात गरिबीचा मुद्दा होताच, पण मूल हवे की नको हे ठरवणे बाईच्या हाती असावे, असेही स्पष्ट म्हटले होते. ठरावाच्या बाजूने ११ मते पडली, विरोधात ५२.

तेव्हा आपले वाशिम मध्य प्रांत-वऱ्हाडातल्या अकोला जिल्ह्यात होते. त्या सभागृहात आपला कुणी नव्हता. १९७६ साली मात्र वऱ्हाडचे आमदारही मुंबईत बसत होते. आणीबाणी चालू होती. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक मंजूर केले. सक्तीच्या नसबंदीचा कायदा विधिमंडळात मंजूर करणारे देशातले हे पहिले राज्य. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही, म्हणून तो अमलात आला नाही. पण त्या काळातल्या नसबंदी मोहिमांची दहशत खरी होती. लोकांच्या मनातला संशय तिथून आलेला आहे, त्याला अडाणीपणा म्हणून मोकळे होता येत नाही.

१९३८ मध्ये सभागृह म्हणाले, साधने देणार नाही. १९७६ मध्ये म्हणाले, ऑपरेशन करावेच लागेल. दोन्ही वेळा बाईला कुणी विचारले नाही.

आता मजहबची बाजू. गर्भधारणा टाळण्यासाठी केलेल्या 'अज़्ल'वर फिकहमध्ये शेकडो वर्षे चर्चा झाली आहे. इमाम गज़ाली यांनी अज़्ल जायज मानला आणि बाळंतपणात बाईच्या जिवाला असलेला धोका हे रास्त कारण धरले. हनफी फिकहाचा मूळ नियम तर असा, की अज़्लसाठी बीवीची इजाजत हवी. कायमच्या नसबंदीला बहुतेक उलेमांचा विरोध आहे, हेही खरे. पण दोन मुलांत अंतर ठेवणे वेगळे आणि कायमची नसबंदी वेगळी. आपण दोन्हीची गल्लत करतो आणि इजाजतीची गोष्ट सोडून देतो.

संविधानाने कलम १४ आणि १५ मध्ये समानता दिली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने मूल जन्माला घालण्याचा किंवा न घालण्याचा निर्णय हा कलम २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. १९७१ च्या गर्भपात कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. हे किती घरांत माहीत आहे?

आजचा पेच पाहा. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, आणि दोनपेक्षा जास्त मुले असतील तर सदस्यत्व जाते. तिसरे मूल सासू-नवऱ्याच्या आग्रहाने झाले, तरी पद तिचे जाते. निर्णयात तिचा हिस्सा नाही, शिक्षेत मात्र पूर्ण आहे.

म्हणून सरकारच्या सक्तीला जेवढ्या जोराने नाही म्हणायचे, तेवढ्याच जोराने घरातल्या सक्तीलाही म्हणायला हवे. निकाहाच्या वेळी आपण मुलीची रजामंदी गवाहांसमोर विचारतो. निकाहानंतर तिला विचारायचे थांबवा, असे ना शरियत सांगते ना संविधान.