बाईच्या हातातली गाडी

मी मुलुंडहून बोलतेय. इथल्या बचत गटांचं काम बघते.

मागच्या बैठकीत आमच्या एका ताईंनी रिक्षा शिकायला कर्ज मागितलं. रिक्षा मुंबईत फक्त उपनगरांतच चालते. अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, सगळीकडे तिच्यावर घरं चालतात. रिक्षा परवान्यांत सरकारनं बायकांसाठी ५ टक्के जागाही राखल्या होत्या. तरी एकजण म्हणालीच, "अगं बाई, तुझ्या रिक्षात बसणार कोण?" सगळ्या हसल्या. मीही हसले. ताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी अर्ज घडी करून पिशवीत ठेवला.

ते मला लागून राहिलं. म्हणून आज गाडी चालवणाऱ्या दोन बायकांची गोष्ट सांगते. साध्या गाडीची नाही, शर्यतीच्या गाडीची.

पहिली इटलीची, लेला लोंबार्दी. जन्म १९४१ चा. घरचा धंदा मटणाचा. माल पोचवायची गाडी लेला चालवायची. तिथंच तिचा हात बसला. पुढं ती शर्यतीत उतरली आणि १९७५ मध्ये स्पेनमध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यतीत सहावी आली. फॉर्म्युला वन म्हणजे मोटार शर्यतींतली सगळ्यात मोठी स्पर्धा. अपघातामुळे ती शर्यत मध्येच थांबवली, म्हणून गुण निम्मेच दिले. लेलाला मिळाला अर्धा गुण. पण तिथं गुण मिळवणारी ती आजवरची एकमेव बाई आहे. एवढी वर्षं झाली, तो अर्धा गुण अजून एकटाच आहे.

आता आपल्याकडे या. आपल्या देशात शर्यती आधी चेन्नईजवळ शोलावरमला व्हायच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या जुन्या धावपट्टीवर. १९९० मध्ये तिकडेच इरुंगट्टुकोट्टईला खास शर्यतीचा रस्ता तयार झाला. वर्षानुवर्षं राष्ट्रीय विजेते म्हणून तिथं पुरुषांचीच नावं पुकारली गेली.

मग आली आपल्या पुण्याची डायना पुंडोले. शिक्षिका, दोन मुलांची आई. शर्यतींचं वेड तिला वडिलांमुळे लागलं. २०१८ मध्ये बायकांसाठी झालेल्या एका निवड कार्यक्रमातून ती या खेळात आली. मुलं, घर सांभाळून सराव करायचा आणि शर्यतीसाठी पुण्याहून थेट चेन्नई गाठायची. ऑगस्ट २०२४ मध्ये तिनं सलून गटातलं राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. मोटार शर्यतीत राष्ट्रीय विजेती ठरलेली ती पहिली भारतीय बाई. पुढच्याच वर्षी आखाती देशांतल्या फेरारी गाड्यांच्या स्पर्धेसाठी तिचं नाव जाहीर झालं.

सलून म्हणजे आपण रस्त्यावर बघतो तशीच चार दारांची गाडी. फक्त आतल्या जादा सीट काढून टाकतात आणि गाडी उलटली तरी माणूस वाचावा म्हणून लोखंडी नळ्यांचा पिंजरा बसवतात. अंगात आग न धरणारे कपडे, डोक्याला हेल्मेट. आत उकडून जीव नकोसा होतो, आणि वळणावर ब्रेक क्षणभर उशिरा लागला तरी गाडी बाहेर जाते.

यात दोन गोष्टी मला फार आवडल्या. कबड्डीत, धावण्यात बायकांची स्पर्धा वेगळी असते. इथं तसं नाही. पुरुष आणि बाई एकाच रांगेतून सुटतात. घड्याळ फक्त वेळ मोजतं, चाकामागं कोण बसलंय ते विचारत नाही. दुसरी गोष्ट, एक शर्यत जिंकून कुणी विजेता होत नाही. वेगवेगळ्या फेऱ्यांतले गुण साठवत जायचे, मग बेरीज होते. आपल्या बचतीसारखंच की!

ही गोष्ट मी पुढच्या बैठकीत सांगितली. आधी मी हसले होते, त्याबद्दल ताईंची माफी मागितली. त्या काही बोलल्या नाहीत. पिशवीतून तोच घडी घातलेला अर्ज काढून माझ्यासमोर ठेवला. कर्ज मंजूर झालं. "बसणार कोण" म्हणणारीनंच आधी सही केली.

सध्या ताई पहाटे साडेपाचला शिकायला जातात. क्लच अजून नीट जमत नाही, म्हणतात. जमेल.

तुमच्या गटात असा कुणाचा अर्ज पिशवीत पडून असेल, तर एकदा विचारून बघा.