उधन्यात खाली दुकान, वर घर: इमारतीत पैसे लावण्याआधी

ताप्ती मार्गावरच्या गाड्यांनी सुरतेत आलेल्या खान्देशी कुटुंबांची उधना, लिंबायत, डिंडोलीत मोठी वस्ती आहे. खाली दुकानं, वर फ्लॅट अशा इमारतीत पैसे लावताना भाड्याचा आकडा नंतर बघा. आधी महापालिकेची 'बीयू' परवानगी मागा. आपल्याकडचं भोगवटा प्रमाणपत्र ते हेच.

गाळा मंजूर नकाशात दुकान म्हणूनच आहे ना, ते तपासा. पार्किंगच्या जागेत काढलेला गाळा सील होऊ शकतो. फायर एनओसीही पाहा. २०१९ मध्ये सरथाण्यातल्या तक्षशिला इमारतीच्या आगीत २२ विद्यार्थी दगावले.

खरेदीखताला तिथं 'दस्तावेज' म्हणतात. मुद्रांक शुल्क ४.९ टक्के, नोंदणी फी १ टक्का. खरेदी फक्त महिलेच्या नावे असेल तर नोंदणी फी माफ. नुसत्या नोटरीच्या साठेखतावर मालकी मिळत नाही.