गांवच्या आरोग्याच्या राखणदार

पूर्वीं मोठें दुखणें आलें म्हणजे पेणकडील माणसें मुंबईची वाट धरीत. परंतु ताप, हगवण आणि बाळंतपण हीं कांहीं धरमतरच्या बोटीची वाट पाहत नसत. रामवाडी ज्या जिल्ह्यांत आहे, त्याच जिल्ह्यांत, म्हणजे तेव्हांच्या कुलाब्यांत, १९७० नंतरच्या दशकांत या अडचणीवर एक उपाय योजिला गेला. जे. जे. रुग्णालयाचे शल्यवैद्य डॉ. नोशिर अंतिया यांनीं अलिबाग तालुक्यांतील मांडवा परिसरांत तेथल्याच अल्पशिक्षित स्त्रियांस आरोग्यसेविका केलें. क्षय व कुष्ठ यांच्या खुणा ओळखणें, गरोदर बाईवर लक्ष ठेवणें, जड रोगी वेळींच दवाखान्यास धाडणें, हीं कामें त्या करूं लागल्या.

अक्षरओळख थोडी, पण घरोघरची ओळख पुरी. हेंच त्यांचें बळ. मात्र गरिबाघरच्या स्त्रिया शहाण्या झालेल्या कित्येकांस रुचेनात. स्थानिक पुढाऱ्यांचा विरोध झाला व तें कार्य खुंटलें.

बीज मात्र मेलें नाहीं. १९७८ सालीं आल्मा-आता येथील जागतिक परिषदेनें प्राथमिक आरोग्यसेवेंत लोकांचा सहभाग आवश्यक मानला. २००५ सालच्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानानें साधारणतः दर १००० वस्तीस एक ‘आशा’ नेमण्याचें ठरविलें. तिच्या पाठीशीं परिचारिका व परिचारिकेच्या पाठीशीं प्राथमिक आरोग्य केंद्राचा वैद्य, अशी ही सांखळी आहे.

बंधुभगिनींनो, या सांखळीची पहिली कडी आपल्या उंबऱ्याशीं आहे. ती दारीं आली म्हणजे तिला बसावयास पाट द्यावा, तिचें ऐकावें. आणि तिच्या कामांत कोणी आडवा आल्यास आपण गप्प बसूं नये.