ओकच्या गांठींतली माशी

बाळगुटीच्या डब्यांतलें मायफळ आपल्यापैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग यांच्या शेजारीं तें असतें, आणि नांवांत फळ असल्यामुळें आपण त्याला फळच समजतों. वस्तुतः तें फळ नव्हे. पश्चिम आशियांत ओकच्या एका जातीवर गांधीलमाशीच्या गोत्रांतली एक चिमुकली माशी अंडें घालते. त्यांतून निघालेल्या अळीभोंवतीं झाड जी गांठ वाढवितें, ती गांठ म्हणजे मायफळ. एखाद्या मायफळाला बारीक भोंक असलें, तर आंतली माशी उडून गेली असें समजावें. बिनभोंकाचें मायफळ अधिक तुरट. म्हणून हिराकस घालून शाई करणारे त्यालाच अधिक किंमत देत. व्यापाऱ्याला एवढी पारख पुरे होती. शास्त्रज्ञांना मात्र ओकवरच्या या माशा ओळखण्यास दोनशें वर्षें लागलीं.

पहिला प्रश्न असा, कीं बंद गांठींत किडा येतो कोठून? कुजक्या मांसांत किडे आपोआप होत नाहींत, माशांच्या अंड्यांपासून होतात, हें इटलींतील फ्रांचेस्को रेदी यानें १६६८ सालीं प्रयोगानें सिद्ध केलें. परंतु गांठीपुढें तोच रेदी अडखळला. झाडाच्या अंगच्या जीवनशक्तीनेंच हा किडा उत्पन्न होत असावा, असें त्यानें मानलें. बोलोन्याचा वैद्य मार्चेल्लो माल्पीगी यानें ओकच्या कोंबावर बसलेली माशीच पकडली. तिच्या पोटांतलीं अंडीं आणि त्या कोंबांतलीं अंडीं हुबेहूब सारखीं निघालीं! १६७९ सालीं हें निरीक्षण छापून प्रसिद्ध झालें, आणि गांठीचें कुलूप उघडलें.

आतां ओळख सोपी झाली, असें वाटेल. गांठ आणावी, बरणींत ठेवावी, बाहेर पडेल त्या माशीला नांव द्यावें. पण येथें दोन फसगती होत्या. एक तर, बाहेर येणारा प्रत्येक जीव गांठीचा धनी नसतो. कांहीं आयत्या घरांत राहणारे पाहुणे, तर कांहीं धन्याच्या अळीलाच खाऊन वाढलेले मारेकरी असतात. दुसरें असें, कीं कांहीं जातींत माद्याच काय त्या मिळत; नर कधींच सांपडत नसे.

हें कोडें जर्मनींतील श्लेस्विग येथील डॉक्टर हेर्मान आडलर यानें सोडविलें. केवळ बरणीवर विसंबून न राहतां त्यानें ओकच्या रोपांवर माशांना अंडीं घालूं दिलीं आणि पुढें काय होतें तें धीरानें पाहिलें. शरद ऋतूंत ओकच्या पानांखालीं मसुरीच्या डाळीएवढ्या चपट्या गांठी दिसतात. त्या जमिनीवर पडून हिंवाळा काढतात. वसंतांत त्यांतून केवळ माद्या निघतात आणि नराशिवाय कोंबांत अंडीं घालतात. त्या अंड्यांपासून झालेल्या गांठी निराळ्याच, द्राक्षाच्या मण्यांसारख्या गोल व रसाळ! त्यांतून मात्र नर आणि मादी दोन्ही येतात, आणि ही मादी पानांत अंडीं घालते तेव्हां पुन्हां चपटी गांठ उगवते. म्हणजे नात ही आजीसारखी, आईसारखी नव्हे. आडलरचा हा शोध १८७७ आणि १८८१ सालीं प्रसिद्ध झाला. तोंवर पंडितांच्या यादींत ही आई आणि ही लेक दोन वेगळ्या वंशांच्या नांवांनीं नोंदलेल्या होत्या.

त्या पंडितांचे डोळे मंद नव्हते. माशीचा पंख, मिशी, रंग, सर्व त्यांनीं बारकाईनें तपासलें होतें. परंतु मेलेल्या माशीवरून तिची लेक कशी दिसेल तें कळत नाहीं. त्यासाठीं एका झाडापाशीं ऋतूमागून ऋतु थांबावें लागतें. आजही कित्येक जातींची एकच पिढी ठाऊक आहे. दुसरीचा माग आतां डीएनए ताडून काढतात.

श्रोतेहो, यापुढें मायफळ उगाळण्यास घ्याल तेव्हां त्याला भोंक आहे कीं नाहीं, तेवढें अवश्य पहा.