देवनागरीची जुळणी: खिळ्यापासून संकेतांकापर्यंत

देवनागरी छापू पाहणाऱ्या प्रत्येक यंत्रापुढे एकच अडचण उभी राहिली आहे: मूळ वर्ण पन्नासच्या आसपास असले, तरी काने, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे जमेस धरली की उमटवायच्या आकृत्या शेकड्यांवर जातात. मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला, तेव्हा हा गुंता खिळ्यांच्या, म्हणजे अक्षराचा उलटा ठसा वर असलेल्या धातूच्या ओतीव तुकड्यांच्या, आधारे सोडवला जाई. ठसे कोरणारे राणोजी रावजी आरू यांच्यासारखे कारागीर आकृत्या घडवत आणि जुळारी त्या हाताने ओळीत बसवत. पुढे कळफलकावर चालणारी जुळणीयंत्रे आली, तेव्हा कळांच्या मर्यादेपुढे लिपीनेच नमते घ्यावे, असा सूर निघाला. सावरकरांनी पुरस्कारलेली ‘अ’ची बाराखडी, म्हणजे स्वतंत्र स्वराक्षरांऐवजी ‘अ’लाच वेलांट्या, उकार आणि मात्रा जोडण्याची पद्धत, हे त्याचे ठळक उदाहरण होय.

संगणकाच्या पडद्यावर हाच प्रश्न नव्या रूपात उभा राहिला. १९९० च्या दशकातील फाँटमध्ये साधारण २५६ जागा असत आणि त्या रोमन लिपीचा विचार करून आखलेल्या होत्या. मराठी फाँट बनवणाऱ्यांनी या जागांवर अर्धी अक्षरे, काने आणि मात्रा आपापल्या सोयीने बसवल्या. त्यामुळे पानात साठवले जाई ते मराठी अक्षर नव्हे, तर अमुक जागेवरची आकृती. ऱ्हस्व वेलांटीसुद्धा, जुळाऱ्याच्या सवयीप्रमाणे, व्यंजनाच्या आधी टंकली जाई. वाचकाकडे तोच फाँट नसला तर मराठी बातमीच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक रांग दिसे, म्हणून वृत्तपत्रांची संकेतस्थळे आधी फाँट उतरवून घेण्याची सूचना देत. पानाबरोबरच फाँट धाडणारे ‘डायनॅमिक फाँट’ १९९७ च्या सुमारास आले, पण नेटस्केप आणि इंटरनेट एक्स्प्लोरर या न्याहाळकांचे (ब्राउझरांचे) प्रकार वेगवेगळे असल्याने दिलासा अर्धाच मिळाला. शिवाय पान नीट दिसू लागले, तरी त्यातला शब्द शोधता येत नसे. दिसण्याची सोय हीच लेखनाची सोय समजण्याची ही चूक महागात पडली, कारण फाँट हरवला की मजकूरही हरवे.

यावरचा खरा उपाय आकृती आणि अक्षर यांची फारकत करण्यात होता. भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या मानकाने प्रत्येक वर्णाला एक संकेतांक देऊन ती आधीच केली होती. त्याच्या १९८८ च्या आवृत्तीवर युनिकोडमधील देवनागरीची मांडणी आधारलेली आहे. युनिकोडमध्ये ‘कि’ म्हणजे आधी ‘क’ आणि नंतर वेलांटी. तिला पडद्यावर डावीकडे सरकवणे आणि जोडाक्षरे घडवणे ही कामे ओपनटाइप फाँटमधील नियम आणि ते राबवणारी आज्ञावली करते, आणि अशा रीतीने जुळाऱ्याचे कौशल्य फाँटच्या आत गेले. विंडोज २००० सोबत आलेला, मुंबईचे सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा फाँट या पद्धतीचा. पडद्यावरील मराठीचा चेहरा बरीच वर्षे त्यानेच ठरवला.

मराठीची स्वतंत्र गरज मात्र एवढ्याने भागली नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे दरीचे अनेकवचन, हा भेद रफार आणि अर्धा ‘ऱ’ यांच्या फरकावर उभा असल्याने त्या अर्ध्या रूपासाठी युनिकोडला वेगळी तरतूद ठेवावी लागली. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ प्रमाण ठरवले, परंतु युनिकोडमध्ये मराठी आणि हिंदी वळणांच्या ‘ल’ला एकच संकेतांक असल्याने कोणते वळण दिसावे हे फाँटवर अवलंबून राहते. दोन्ही वळणे पोटात बाळगणारे फाँट आता उपलब्ध आहेत. त्यांतले मराठी वळण बहुधा तेव्हाच पुढे येते, जेव्हा पान रचणाऱ्याने मजकुराची भाषा मराठी असल्याचे संकेतनात नोंदवलेले असते.