आवाजाचे सुतारकाम

चारठाण्याचा इतिहास लिहायचा म्हटला की तो दगडांवरून लिहिला जातो. परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातले हे गाव यादवकालीन देवळांमुळे, पायऱ्यांच्या बारवेमुळे आणि उंच दगडी स्तंभामुळे अभ्यासकांना परिचित आहे. दगड टिकला, म्हणून दगड घडवणाऱ्याची दखल राहिली. अशाच गावांत पिढ्यान् पिढ्या सुतारही काम करत होता. त्याचे काम वाळवीने, पावसाने आणि चुलीने खाल्ले. बैलगाडीची चाके आणि नांगर संग्रहालयात थोडेफार पोचले. पण याच सुताराने विसाव्या शतकात केलेल्या एका कामाची नोंद कुठल्याच यादीत नाही. ते काम म्हणजे आवाजाची लाकडी खोकी. रेडिओचा जोडस्पीकर, रेकॉर्ड प्लेअरचा कर्णा आणि पुढे कॅसेटच्या डेकचे स्पीकर त्यांत बसत.

मराठवाड्यातल्या ऐकण्याचा इतिहास आपण आकाशवाणी केंद्रांचा आणि गायकांचा इतिहास म्हणून सांगतो. पण केंद्रावरून निघालेला आवाज घरी पोचला तरी तो अर्धाच घडलेला असे. उरलेला अर्धा खोके घडवी, आणि ते खोके अनेकदा गावातच तयार होई. माझा मुद्दा एवढाच आहे.

तो पटण्यासाठी स्पीकरची एक खोड समजून घ्यावी लागते. आज आपण जो स्पीकर ओळखतो, म्हणजे कागदी शंकू, त्याला चिकटलेले तारेचे वेटोळे आणि मागे चुंबक, त्याची मांडणी अमेरिकेत चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये पक्की केली. शंकू पुढे सरकला की समोरची हवा दाबली जाते, आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. ढोलकीच्या धुमासारखा खालचा सूर असेल तर त्याची लहर तीन-चार मीटर लांब असते. शंकू असतो वीतभर. मग मागची विरळ हवा कडेने वळून पुढे येते आणि पुढचा दाब तिथल्या तिथे जिरवून टाकते. म्हणून नुसता स्पीकर हातात धरून वाजवला तर तो चिरका वाजतो. पुढची आणि मागची हवा वेगळी ठेवायला काहीतरी आड हवे. ते आड म्हणजे खोके. बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरास यांनी खोक्याला दुसरे भोक पाडून मागच्या हवेलाच कामाला लावण्याचे पेटंट १९३२ मध्ये मिळवले. तरी किती आकाराच्या स्पीकरला किती मोठे खोके आणि केवढे भोक, याचे भरवशाचे गणित ऑस्ट्रेलियन अभियंता नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये मांडले. ते जगभर पोचले त्यानंतर दहा वर्षांनी.

म्हणजे साठीच्या दशकापर्यंत इंग्लंडातला नामांकित कारखानदारही बराचसा अंदाजानेच खोकी करत होता. व्हार्फडेलचे संस्थापक गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी फळ्यांच्या पोकळीत वाळू भरून पाहिली, खोलीच्या कोपऱ्यात विटांचे खोके बांधून पाहिले. बोटांनी फळी ठोकून ती किती बोलते हे ऐकणे, ही त्या काळची खरी परीक्षा. ही परीक्षा आपल्याकडच्या सुतारालाही येत होती. मृदंग किंवा दाराची फळी तो अशीच पारखत असे.

रेडिओचे खोके पहिल्यापासून फर्निचरवाल्याच्या हातचे होते, अभियंत्याच्या नव्हे. मर्फी कंपनीने इंग्लंडात आपल्या संचांची खोकी आर. डी. रसेल या फर्निचर-आरेखकाकडून करवून घेतली. पुढे मर्फीचे रेडिओ ठाण्यात तयार होऊ लागले, आणि तोंडावर बोट ठेवलेल्या बाळाचे चित्र आपल्याकडे घरोघर पोचले. या खोक्यांची चकाकी लाखेची असे. चपडी लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापडाच्या पुरचुंडीने थरावर थर चढवायचे. गंमत अशी, की ७८ फेऱ्यांची रेकॉर्डही लाखेचीच होती. ज्या किड्याच्या स्रावातून गाणे छापले गेले, त्यातूनच त्या गाण्याच्या खोक्याला झिलई मिळाली. त्या काळी जगाला लागणारी बहुतेक लाख हिंदुस्थानातून जात होती, हे आपल्या संगीताच्या इतिहासांत क्वचितच वाचायला मिळते.

आता मराठवाड्याकडे वळू. हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे त्याचे रेडिओचे कालगणित मुंबई-पुण्यापेक्षा वेगळे आहे. हैदराबादचे केंद्र निजाम सरकारने १९३५ मध्ये आपल्या ताब्यात घेतले. औरंगाबादलाही केंद्र निघाले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची शरणागती लोकांनी रेडिओवरच ऐकली. १ एप्रिल १९५० पासून ही केंद्रे आकाशवाणीकडे गेली. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्राने ग्रामीण श्रोतृमंडळांचा जो गाजलेला प्रयोग केला, त्यात १५० गावे होती आणि मंडळांसाठी २० कार्यक्रम झाले. पॉल न्यूरथ यांनी त्याचा अहवाल लिहिला, आणि माध्यमांच्या अभ्यासकांत तो आजही चर्चिला जातो. पण त्या वेळी परभणी जिल्हा मुंबई राज्यात नव्हताच. तो आला त्याच वर्षी १ नोव्हेंबरला. म्हणून मराठी खेड्याने रेडिओ कसा ऐकला, याचा सर्वात बारकाईने केलेला अभ्यास आपल्या भागाला शिवूनही गेला नाही.

परभणीला आकाशवाणी केंद्र आले ते १९६८ मध्ये. जिंतूर, सेलू, मंठा या पट्ट्याला पहिल्यांदाच जवळच्या केंद्राचा, आपल्या बोलीच्या जवळ जाणारा आवाज मिळाला. मात्र तोवर संच बदलले होते. व्हॉल्व्हचा मोठा लाकडी रेडिओ जाऊन ट्रान्झिस्टर आला. तो स्वस्त होता, सेलवर चालत होता, शेतात नेता येत होता. या एका वस्तूने रेडिओ खऱ्या अर्थाने गावात आणला. पण तिने आवाजाचे खोकेही हिरावून नेले. हातभर लाकडाच्या जागी प्लास्टिकची डबी आली आणि आवाज पत्र्यासारखा झाला. मध्यम लहरीवर चार-पाच हजार कंपनांच्या वरचे फारसे काही येत नाही. खालचे ट्रान्झिस्टर देत नव्हता. मधला तुकडा तेवढा उरला.

लोकांनी यावर जे उपाय केले त्यांत मला खरा इतिहास दिसतो. पहिला उपाय फुकटचा: रेडिओ कोनाड्यात ठेवणे. माळवदाच्या घराची भिंत दोन-अडीच हात जाड, मातीची, न थरथरणारी. कोनाड्याच्या कडा आवाजाला आड होतात आणि भिंत खालचा सूर पुढे ढकलते. ब्रिग्ज यांनी विटांनी जे साधले, ते इथे घर बांधतानाच झालेले होते. दुसरा उपाय माठाचा. हॉटेलात, पानाच्या टपरीत, घरातही माठाच्या किंवा रांजणाच्या तोंडावर स्पीकर बसवलेला पुष्कळांनी पाहिला असेल. शहरी माणूस त्याला हसत असे. हसण्याचे कारण नव्हते. हॅरी ओल्सन या अमेरिकन संशोधकाने १९५१ मध्ये वेगवेगळ्या आकारांच्या पेट्यांत एकच स्पीकर बसवून मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा सर्वात सपाट, खाचखळगे नसलेला आवाज गोलाने दिला. चौरस डब्याचा निकाल वाईट होता. कुंभाराचा माठ जवळजवळ गोल असतो, त्याला थरथरणारी सपाट फळी नसते आणि भाजलेली माती कडक असते.

तिसरा उपाय सुताराकडे जाणे. त्या वर्षांत सुताराचे जुने काम आटत होते. लोखंडी नांगर आला, टायरची गाडी आली, पुढे ट्रॅक्टर आला. बलुत्याचा व्यवहार मोडल्यावर तो चौकटी, दिवाण, कपाटे करू लागला, आणि अधूनमधून कुणी स्पीकर घेऊन आला तर त्याचे खोके. जुन्या दाराचे किंवा तुळईचे सागवान असले तर उत्तम; किनवटच्या जंगलामुळे मराठवाड्याला सागवान अनोळखी नव्हते. नाहीतर चहाच्या पेटीचे प्लायवुड. जोड खाचेत खाच बसवून करायचा, वर सरस. सरस दमटपणाने सुटतो, म्हणून १९५९ नंतर फेविकॉल आला तसा तो सुतारांनी पटकन स्वीकारला. खोक्याच्या बाबतीत हा फरक दिसायला किरकोळ पण ऐकायला मोठा आहे: जोडाला केसाएवढी फट राहिली तरी हवा शिटी घालते. भुसा आणि सरस कालवून फटी बुजवत. आत कापूस किंवा जुन्या गोधडीचे तुकडे लावत. परभणी हा कापसाचा जिल्हा असल्याने हा माल घरचाच.

मापांचेही असेच. आतून २४ इंच उंच, १६ इंच रुंद, १२ इंच खोल असे खोके घेतले तर त्यात सुमारे ७५ लिटर हवा मावते. आठ-दहा इंची स्पीकरला ती भरपूर झाली. तिन्ही मापे वेगळी, त्यामुळे आतल्या लहरी एकाच सुरावर साठत नाहीत. चौरस डबा केला असता तर तोच सूर तिप्पट घुमला असता. कपाटाचे प्रमाण डोळ्यात बसलेला सुतार चौरस डबा सहसा करत नाही. ते त्याला कुरूप वाटते. इथे डोळ्याची आवड कानाच्या उपयोगी पडली.

नव्वदीत कॅसेटने या खोक्यांना शेवटचा मोठा काळ दिला. टी-सीरीजसारख्या कंपन्यांमुळे कॅसेट स्वस्त झाली होती. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीते वाडी-वस्तीवर पोचली. भीमगीते वाजत होती, आणि मराठवाड्यात त्या आवाजाला वजन होते. विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न १९७८ पासून पेटलेला होता, तो १४ जानेवारी १९९४ ला सुटला. त्या काळात वस्तीवर कुठले गाणे किती मोठ्याने वाजते, ही नुसती करमणुकीची गोष्ट नव्हती. विकतचा महागडा संच परवडत नव्हता. अँप्लिफायर जुळवून आणलेला आणि खोके सुताराने केलेले असे. वर सनमायका किंवा रेक्झिन, पुढे जाळीचे कापड. या काळावर लिहिणारे गाण्याचे शब्द अभ्यासतात. ते शब्द छातीत धडकले कशातून, हे कुणी विचारत नाही.

हल्ली जुन्या धाटणीची खोकी घरी करण्याची हौस शहरांत वाढली आहे. १८ मिलिमीटरचे प्लायवुड, वर सागाचा पातळ पापुद्रा, पुढे तागाचे कापड, खाली निमुळते पाय. काम चांगले होते. काही जण लाखेच्या पॉलिशकडेही परतले आहेत, लिटरभर स्पिरिटला साधारण पाव किलो लाख धरून, एकेक थर वाळू देऊन. त्यांच्याशी माझे भांडण नाही. खटकते ते इतकेच, की नमुना म्हणून त्यांच्यापुढे कायम इंग्रजी-अमेरिकी आराखडे असतात. आणि त्याच सुमारास परभणीच्या भंगार बाजारात गावाकडची खोकी फुटत असतात: चुंबक लोखंडात, तांब्याचे वेटोळे वेगळे, फळ्या सरपणात. सागवान असेल तर त्याचा पाट होतो.

ती फुटण्याआधी मोजली तरी पुरे. आतली तिन्ही मापे, फळीची जाडी, भोकाचा व्यास, लाकडाची जात, जोडाचा प्रकार, आत काय भरले होते ते. मागची फळी काढली तर क्वचित आतल्या बाजूला सुताराची पेन्सिल अजून दिसते. खोक्याच्या बाहेर त्याचे नाव नसते, आत आकडे असतात, इंचात आणि सुतात. एका इंचाचे आठ सूत. कुठे आधी लिहिलेला आकडा खोडून शेजारी दोन सूत कमी केलेला असतो.